दोन काट्यांवर तोललेला आकडा

व्यापाऱ्याचे आयुष्य आकड्यांच्या आधाराने चालते. छत्रपती संभाजीनगरच्या पुंडलिकनगर रस्त्यावरचा कोणताही दुकानदार, मग तो किराणा विकणारा असो, कापड विकणारा असो वा भांडी, रात्री शटर ओढण्यापूर्वी गल्ला मोजतो, रोजमेळ जुळवतो आणि मगच घरी जातो. आलेल्या मालाचे वजन पावतीशी जुळले नाही, तर तो माल दुसऱ्या काट्यावर चढवतो. चार किलोंची तूट त्याला रात्रभर झोपू देत नाही.

हाच माणूस पन्नाशी ओलांडल्यावर रात्री तीन-तीन वेळा लघवीला उठू लागतो, तेव्हा मात्र कसलाच हिशेब ठेवत नाही. वय झाले, साखर वाढली असेल, पाणी जास्त प्यायलो असू, अशी कारणे तो स्वतःच स्वतःला देतो. चौविहार पाळणाऱ्याच्या पोटात तर सूर्यास्तानंतर पाण्याचा थेंब गेलेला नसतो. म्हणजे शेवटची सबबही त्याच्यापाशी उरत नाही. तरीही तो बोलत नाही. पत्नीला संकोचाने सांगत नाही, मुलांना मोठेपणामुळे सांगत नाही आणि गल्ला सोडून दवाखान्यात जाण्यास त्याला सवड नसते.

या अबोल्यामागे जो अवयव असतो, तो अक्रोडाएवढा. प्रोस्टेट, मराठीत पुरस्थ ग्रंथी. ती फक्त पुरुषांत असते, मूत्राशयाच्या खाली बसते आणि मूत्रनलिका तिच्या मधूनच जाते. वयाबरोबर ही ग्रंथी बहुतेकांची वाढते. ती वाढ साधी असते, कर्करोग नव्हे. मात्र याच ग्रंथीत कर्करोगही होतो आणि जगभरात पुरुषांना होणाऱ्या प्रमुख कर्करोगांत त्याची गणना होते. आपल्याकडे माणसे दीर्घायुषी होऊ लागली, तसा तो अधिक दिसू लागला आहे.

या आजाराविषयी घराच्या बैठकीत कोणी बोलत नाही. पण एका उद्योजकाने स्वतःच्या तपासणीची, निदानाची आणि उपचारांची सारी हकिकत जमाखर्चाच्या वहीइतक्या उघडपणे लिहून ठेवली आहे. ती अमेरिकेतील असली, तरी व्यापारी घरांना जवळची वाटावी अशी आहे. कारण ती लिहिणारा वैद्य नव्हता, आकड्यांवर विश्वास ठेवणारा आणि आकड्यांची उलटतपासणी करणारा माणूस होता.

निर्वासित मुलगा, मोठा उद्योजक

अँड्र्यू ग्रोव्ह यांचा जन्म १९३६ साली हंगेरीची राजधानी बुडापेस्ट येथे ज्यू कुटुंबात झाला. नाझींचा अंमल त्यांनी लहानपणी सोसला. १९५६ चा उठाव रशियन रणगाड्यांनी चिरडला, तेव्हा विशीतील हा तरुण सीमा ओलांडून निसटला आणि पुढल्या वर्षी अमेरिकेस पोहोचला. शिकून रसायन अभियंता झाला. १९६८ मध्ये इंटेल ही कंपनी स्थापन झाली, तेव्हापासून ते तिच्यात होते आणि १९८७ मध्ये तिचे मुख्य कार्यकारी अधिकारी झाले. संगणकाच्या चिप बनवणारी ही कंपनी जगात अव्वल झाली, ती मुख्यतः त्यांच्याच काळात.

वयाच्या ५८ व्या वर्षी, कसलाही त्रास नसताना, नेहमीच्या तपासणीत त्यांच्या डॉक्टरांनी रक्ताची पीएसए ही एक चाचणी जोडली. पीएसए हे प्रोस्टेट ग्रंथीत तयार होणारे प्रथिन. त्याचा अल्पसा अंश रक्तात उतरतो आणि तो मिलिलिटरमागे नॅनोग्रॅममध्ये मोजतात. त्या काळी चारपर्यंतचा आकडा सर्वसाधारण मानला जाई. ग्रोव्ह यांचा आकडा पाच आला. मर्यादेपेक्षा एकच अधिक.

अशा वेळी माणसे दोन चुकांपैकी एक करतात. काही जण कागद खिशात घालून विसरून जातात. काही जण त्याच रात्री मृत्युपत्र लिहायला बसतात. ग्रोव्ह यांनी मुरलेल्या व्यापाऱ्याला शोभेल अशी गोष्ट केली. आपले रक्त त्यांनी दोन वेगवेगळ्या प्रयोगशाळांत पाठवले. एकीचा आकडा आला ६.०, दुसरीचा ६.१. दोन्ही काट्यांनी जवळजवळ एकच वजन दाखवले. आता काट्यावर शंका घेण्यास जागा उरली नाही. पुढची पायरी होती बायोप्सी, म्हणजे सुईने ग्रंथीचे बारीक तुकडे घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे. तिच्यात कर्करोग आढळला.

आकडा वाढला, म्हणजे काय झाले?

येथे क्षणभर थांबून पीएसएचा स्वभाव समजून घेणे आवश्यक आहे. कारण हा आकडा आज पुंडलिकनगर-गारखेडा परिसरातील कोणत्याही प्रयोगशाळेत सकाळी रक्त दिले तर संध्याकाळपर्यंत हाती पडतो आणि त्याचा अर्थ लावणारा मात्र वेळेवर भेटतोच असे नाही.

पीएसए हे कर्करोगाचे नव्हे, ग्रंथीचे प्रथिन आहे. ग्रंथी साधी वाढली तरी आकडा वाढतो. मूत्रमार्गात जंतुसंसर्ग झाला तर तो झपाट्याने चढतो आणि संसर्ग बरा झाल्यावर उतरण्यास काही आठवडे लागतात. लघवी अडून नळी घालावी लागली असेल, नुकतीच मूत्रमार्गाची तपासणी झाली असेल, तरी तो चढतो. पाश्चात्त्य देशांतील अनुभव असा, की आकडा चार ते दहाच्या दरम्यान असणाऱ्या साधारण चार पुरुषांपैकी एकाच्याच बायोप्सीत कर्करोग सापडतो. उलट आकडा मर्यादेत असूनही कर्करोग असू शकतो.

आकडा खोटा उतरवणारी एक गोष्ट आपल्या घरांत फार आढळते. ग्रंथीच्या साध्या वाढीसाठी फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइड ही औषधे दिली जातात. अनेकदा ती दुसऱ्या औषधासोबत एकाच गोळीत असतात. सहा महिने ते वर्षभर ही गोळी घेतली की पीएसए जवळजवळ निम्मा दिसतो. म्हणजे कागदावर तीन असलेला आकडा वास्तवात सहा असू शकतो. औषधांची पूर्ण यादी दाखवल्याखेरीज पीएसएचा कागद वाचून घेऊ नये, तो यासाठी.

आणखी एक गैरसमज लघवीच्या त्रासाविषयी. ग्रंथीची साधी वाढ आतल्या भागात, मूत्रनलिकेला लागून होते. म्हणून ती नलिका दाबते, धार बारीक होते, रात्री उठावे लागते. कर्करोग बहुधा बाहेरच्या भागात सुरू होतो. तो नलिकेपासून दूर असल्याने बराच काळ काहीच जाणवत नाही. म्हणून रात्री उठावे लागणे म्हणजे कर्करोग नव्हे, आणि त्रास नसणे म्हणजे निर्धोक असणेही नव्हे. आजार पुढे गेल्यावर लघवीतून रक्त, कंबरेच्या वा पाठीच्या हाडांत न थांबणारे दुखणे, पायांतील बळ जाणे अशी लक्षणे दिसतात. त्या टप्प्यावर आजार आटोक्यात ठेवता येतो. समूळ घालवणे कठीण होते.

ग्रोव्ह यांच्या काळानंतर तपासणीत एक मोठी सुधारणा झाली. पीएसए वाढला की थेट सुई न टोचता आधी एमआरआय काढण्याची पद्धत आता रूढ होत आहे. एमआरआयमध्ये संशयास्पद जागा दिसली, तर नेमकी तीच जागा बायोप्सीसाठी निवडता येते. काहीच दिसले नाही, तर अनेकांची बायोप्सी टळते. बायोप्सीचा अहवाल आला की त्यात ग्लीसन नावाचा गुणांक असतो. अमेरिकेतील डोनाल्ड ग्लीसन या डॉक्टरांनी १९६० च्या दशकात ही पद्धत घालून दिली. सहा म्हणजे सौम्य, सात म्हणजे मध्यम, आठ ते दहा म्हणजे आक्रमक. घरच्यांनी पहिला प्रश्न हाच विचारावा, की कर्करोग आहे हे समजले, पण तो कोणत्या जातीचा?

हत्ती आणि त्याचे अनेक पैलू

निदान झाल्यावर ग्रोव्ह यांची खरी परीक्षा सुरू झाली. शल्यचिकित्सक म्हणाले, ग्रंथी काढून टाका. किरणोपचार करणारे म्हणाले, किरणांनी काम होईल. कोणी ग्रंथी गोठवून नष्ट करण्याचा मार्ग सांगितला, कोणी तिच्यात किरणोत्सर्गी कण पेरण्याचा. प्रत्येकजण आपापल्या विषयातील नाणावलेला, प्रत्येकापाशी आपापल्या रुग्णांचे आकडे. पण सर्वांचे आकडे एका पानावर शेजारी-शेजारी मांडणारा मात्र कोणी नव्हता.

आंधळे आणि हत्ती यांचा दृष्टान्त जैन घरांत लहानपणीच सांगितला जातो. सोंड धरणारा खोटे बोलत नाही आणि पाय धरणाराही खोटे बोलत नाही. एकांगी दर्शन हेच पूर्ण सत्य मानणे, हा दोष. अनेकान्ताची ही शिकवण ग्रोव्ह यांना ठाऊक असण्याचे कारण नव्हते. त्यांनी केले मात्र तेच. रोज संध्याकाळी ते मूळ वैद्यकीय शोधनिबंध वाचत. निरनिराळ्या पंथांच्या डॉक्टरांना भेटत, आधी उपचार घेतलेल्या रुग्णांशी बोलत. प्रत्येक निबंधातील आकडे काढून त्यांनी स्वतःचे आलेख रेखाटले: कोणत्या उपचारानंतर किती जणांत आजार परतला, किती जणांचा मूत्रावरचा ताबा गेला, किती जणांच्या दांपत्यजीवनावर परिणाम झाला.

अखेर त्यांनी सिएटल येथे जाऊन एक विशेष किरणोपचार घेण्याचे ठरवले. त्यात ग्रंथीत सुया बसवून त्यांमधून तीव्र किरणोत्सर्गी स्रोत थोड्या वेळासाठी आत नेतात व परत काढून घेतात. तो १९९५ साली झाला. त्यानंतर काही आठवडे बाहेरून किरण देण्यात आले आणि त्या काळातही ते कामावर जात राहिले. या प्रवासातील एक प्रसंग फार बोलका आहे. जे डॉक्टर त्यांच्यावर हा किरणोपचार करणार होते, त्यांनाच ग्रोव्ह यांनी विचारले, की माझ्या जागी तुम्ही असता तर काय केले असते? डॉक्टरांनी प्रामाणिकपणे सांगितले, की आपण बहुधा शस्त्रक्रियाच निवडली असती. कारण शिकत असताना तीच सर्वोत्तम म्हणून मनावर ठसवली गेली होती. ज्ञानी माणसाचे मतही त्याच्या घडणीतून येते, ही गोष्ट त्या उत्तरात उघड झाली.

मे १९९६ मध्ये ग्रोव्ह यांनी हा सगळा अनुभव फॉर्च्यून या व्यापारविषयक नियतकालिकात स्वतःच्या नावाने प्रसिद्ध केला. एवढ्या मोठ्या कंपनीच्या प्रमुखाने आपला असा आजार जगजाहीर करावा, हे त्या काळी अपूर्व होते. अनेक शल्यचिकित्सकांना तो लेख रुचला नाही. असंख्य पुरुषांनी मात्र तो कात्रण करून डॉक्टरांपुढे ठेवला. ग्रोव्ह त्यानंतर सुमारे दोन दशके जगले. पुढे त्यांना पार्किन्सनचा आजार जडला आणि २१ मार्च २०१६ रोजी, वयाच्या ७९ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

एकाचा अनुभव आणि हजारोंचा हिशेब

ग्रोव्ह यांनी निवडलेला उपचार प्रत्येकाने निवडावा, असा याचा अर्थ नाही. एका दुकानाच्या नफ्यावरून बाजाराचा भाव ठरत नाही. त्यांच्या वेळी जो तौलनिक हिशेब उपलब्ध नव्हता, तो पुढे ब्रिटनमधील प्रोटेक्ट नावाच्या अभ्यासाने मांडला. त्यात ग्रंथीपुरताच मर्यादित कर्करोग असलेल्या १,६४३ पुरुषांची चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे तीन गटांत विभागणी केली होती: शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि केवळ बारकाईने लक्ष ठेवणे. पंधरा वर्षांनंतरचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. प्रोस्टेटच्या कर्करोगाने दगावलेल्यांचे प्रमाण शस्त्रक्रियेच्या गटात २.२ टक्के, किरणोपचाराच्या गटात २.९ टक्के आणि लक्ष ठेवलेल्या गटात ३.१ टक्के होते. म्हणजे फरक नगण्य. मात्र लक्ष ठेवलेल्या गटात आजार शरीरात अन्यत्र पसरण्याचे प्रमाण अधिक होते आणि त्यांतील अनेकांना पुढे उपचार घ्यावेच लागले. दुसऱ्या बाजूस, शस्त्रक्रिया झालेल्यांत लघवी न रोखता येण्याचा त्रास अधिक दिसला आणि दांपत्यजीवनावरही तिचा परिणाम मोठा होता.

याचा व्यवहारी अर्थ असा, की सौम्य आणि मर्यादित कर्करोगात घाई नसते. निर्णयासाठी काही आठवडे घेतले तरी हानी होत नाही. काहींना तर उपचाराऐवजी ठरावीक काळाने पीएसए, एमआरआय आणि गरजेप्रमाणे बायोप्सी करत राहणे पुरेसे असते. आक्रमक कर्करोगाची गोष्ट वेगळी; तेथे शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि हॉर्मोन रोखणारी औषधे यांची सांगड घालावी लागते. हॉर्मोन रोखण्याच्या उपचाराचा पाया चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ मध्ये घातला आणि त्यासाठी त्यांना १९६६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. मुंबईच्या टाटा स्मारक केंद्रानेही या विषयात महत्त्वाची भर घातली आहे. धोका अधिक असलेल्या २२४ रुग्णांवर तेथे झालेल्या अभ्यासात ग्रंथीसोबत कटिभागातील लसिका ग्रंथींनाही किरण दिल्यास आजार परतण्याचे प्रमाण घटते, असे दिसले. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाची दखल जगभर घेतली गेली.

चाचणी कोणी करावी, यालाही एकच उत्तर नाही. अमेरिकेतील तज्ज्ञगटाने २०१८ मध्ये सांगितले, की ५५ ते ६९ या वयात डॉक्टरांशी लाभ-हानीची चर्चा करून ज्याचे त्याने ठरवावे आणि सत्तरीनंतर सरसकट चाचणी करू नये. ज्या रिचर्ड अॅब्लिन यांनी १९७० मध्ये हे प्रथिन शोधले, त्यांनीच पुढे तिच्या सरसकट वापराविरुद्ध लेखणी उचलली. कारण ज्यांना कधीच त्रास झाला नसता अशा अनेकांवर त्यापायी शस्त्रक्रिया झाल्या. याच्या उलट बाजूचे उदाहरणही आहे. अमेरिकेचे माजी अध्यक्ष जो बायडेन यांना मे २०२५ मध्ये, वयाच्या ८२ व्या वर्षी, हाडांपर्यंत पसरलेल्या प्रोस्टेट कर्करोगाचे निदान झाले. त्यांची त्याआधीची नोंदलेली पीएसए चाचणी २०१४ मधील होती. भारतात या आजारासाठी सरकारी सार्वत्रिक तपासणी मोहीम नाही. म्हणून ज्यांच्या वडिलांना वा भावाला हा आजार झाला आहे, त्यांनी ४५ च्या सुमारास आणि इतरांनी पन्नाशीत हा विषय आपल्या डॉक्टरांपुढे स्वतःहून काढावा. आई, मावशी वा बहीण यांना स्तनाचा किंवा बीजकोशाचा कर्करोग झाला असेल, तर तेही सांगावे. काही आनुवंशिक दोष दोन्ही आजारांच्या मुळाशी असतात.

आपण शाकाहारी, आपल्याला कसा होईल?

जैन घरांत एक समजूत खोल रुजली आहे. तंबाखू नाही, मद्य नाही, मांसाहार नाही, रात्रिभोजन नाही. मग कर्करोग कोठून येणार? तोंडाच्या आणि घशाच्या कर्करोगापुरते हे बऱ्याच अंशी खरे आहे. निर्व्यसनीपणाने त्यांतील मोठा धोका टळतो. प्रोस्टेटच्या कर्करोगाचे प्रमुख धोके मात्र वय आणि आनुवंशिकता हे आहेत आणि त्यांना कोणताही नियम अडवीत नाही. संयमी आहाराने हृदय, वजन आणि साखर आटोक्यात राहते, उपचार सोसण्याची ताकद टिकते, हे त्याचे खरे फळ. आजार झालाच, तर तो व्रतातील उणिवेचा पुरावा मानून मनाला लावून घेण्याचे कारण नाही.

उपचारांच्या वेळी नियम आणि औषधे यांची सांगड घालावी लागते, ती मात्र आधी बोलून. प्रोस्टेटच्या किरणोपचारापूर्वी ठरलेल्या वेळेआधी ठरावीक पाणी पिऊन मूत्राशय भरलेले ठेवावे लागते. तसे केल्याने मूत्राशयाचा आणि आतड्याचा बराच भाग किरणांच्या वाटेतून दूर राहतो. नवकारसी वा पोरसी करणाऱ्याने सकाळची अगदी लवकरची वेळ आणि चौविहार करणाऱ्याने सूर्यास्तानंतरची वेळ घेतली, तर अडचण होते. तंत्रज्ञांना आधी सांगितले, तर दिवसा मधली वेळ मिळण्याचा संभव असतो. उपवास, आयंबिल वा वर्षीतप चालू असेल, तर ते लपवू नये. शरीरातील पाणी कमी होणे आणि औषधाच्या वेळा चुकणे, दोन्ही घातक. पच्चक्खाणात आगारांची सोय पूर्वाचार्यांनी ठेवली आहे, ती अशा प्रसंगांसाठीच; संघातील साधु-साध्वींशी बोलल्यास मार्ग निघतो. काही कॅप्सूलचे आवरण प्राणिज जिलेटिनचे असते. गोळीच्या रूपातील पर्याय आहे का, हे डॉक्टरांना विचारावे. औषध गुपचूप बंद करू नये. हॉर्मोन रोखणाऱ्या इंजेक्शनांनी हाडे ठिसूळ होतात. म्हणून चालणे, व्यायाम आणि कॅल्शियम व ड जीवनसत्त्व यांविषयी सल्ला घ्यावा.

वयोवृद्धांच्या बाबतीत कधीकधी म्हटले जाते, की आता देहाचा मोह कशाला? समाधिमरणाची आराधना हा श्रद्धेचा आणि गुरुआज्ञेचा गंभीर विषय आहे. ज्यावर उपाय आहे असा आजार न तपासता दडवून ठेवणे, ही त्याहून अगदी निराळी गोष्ट. दोहोंची गल्लत होऊ नये.

शहरातच असलेले दार

पूर्वी कर्करोगाचे नाव निघाले, की मराठवाड्यातील अनेक कुटुंबे मुंबईच्या टाटा रुग्णालयाची वा बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयाची वाट धरत. दुकान बंद, मुलांची शाळा बुडालेली आणि धर्मशाळेतील मुक्काम, असे ते दिवस असत. आता घाटीशी, म्हणजेच शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी, संलग्न असलेले शासकीय कर्करोग रुग्णालय आमखास मैदानाजवळ २०१२ पासून उभे आहे. त्यास राज्य कर्करोग संस्थेचा दर्जा मिळाला असून टाटा स्मारक केंद्राचे मार्गदर्शन त्यास लाभले आहे. पुंडलिकनगरातून तेथे जाण्यास रिक्षा पुरते. गारखेड्यातील डॉ. हेडगेवार रुग्णालयापासून सिडकोतील एमजीएमपर्यंत मोठी रुग्णालये याच शहरात आहेत. सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येक नागरिकास, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारत योजनेखाली वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण २०२४ पासून मिळू लागले आहे. आपल्यासारख्यांनी सरकारी योजनेकडे काय पाहायचे, असे मानून अनेक सधन घरे त्याची चौकशीही करत नाहीत.

डॉक्टरांकडे जाताना काय न्यावे, हे व्यापाऱ्यास शिकवण्याची गरज नाही. आजवरचे सर्व पीएसए तारखेनिशी एका पानावर लिहून न्यावेत. एका आकड्यापेक्षा त्याची चाल अधिक सांगते. ग्रोव्ह यांनी पहिला आकडा खरा की खोटा हे पाहण्यासाठी दुसरा काटा वापरला. पुढे वर्षानुवर्षे तुलना करायची असेल, तेव्हा मात्र काटा एकच असावा. शक्यतो त्याच प्रयोगशाळेत चाचणी करावी. बायोप्सीच्या काचपट्ट्या जपून ठेवाव्यात. दुसऱ्या तज्ज्ञाकडून त्या पुन्हा वाचून घेता येतात. शस्त्रक्रिया सुचवणाऱ्याकडून किरणोपचार करणाऱ्याचे आणि किरणोपचार सुचवणाऱ्याकडून शस्त्रक्रिया करणाऱ्याचे नाव मागावे. दोघांनाही विचारावे, की काहीही न करता लक्ष ठेवले तर काय होईल? दुसरे मत घेणे म्हणजे डॉक्टरांवर अविश्वास नव्हे. चांगला डॉक्टर त्याने दुखावत नाही.

घरातील अबोला

जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेचे संरक्षणमंत्री लॉइड ऑस्टिन रुग्णालयात दाखल झाले. डिसेंबरमध्ये त्यांच्यावर प्रोस्टेट कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली होती आणि त्यातून गुंतागुंत उद्भवली होती. ही गोष्ट त्यांनी आपल्या अध्यक्षांनाही कळवली नव्हती. बभ्रा झाल्यावर त्यांनी जाहीरपणे चूक मान्य केली. ज्याच्या हाताखाली जगातील सर्वांत बलाढ्य सेना होती, त्यालाही हे चार शब्द उच्चारणे जड गेले. मग पुंडलिकनगरच्या एखाद्या सद्गृहस्थाला ते जड जावेत, यात नवल नाही.

या संकोचाची किंमत घरातील सर्वांना मोजावी लागते. उपचारांचे परिणाम पती-पत्नीच्या सहजीवनावर होतात, तेव्हा निर्णयाच्या चर्चेत पत्नी असणे हा तिचा हक्क आहे. शस्त्रक्रियेनंतर काही महिने पॅड वापरावे लागते, कटिभागाचे व्यायाम करावे लागतात, बहुतेकांचा ताबा हळूहळू परत येतो. हे आधी ठाऊक असलेला माणूस खचत नाही, मंदिरात वा स्थानकात जाणे सोडून देत नाही. मुलांच्या बाबतीत तर हे बोलणे म्हणजे वारसाच आहे. वडिलांनी आजार लपवला, तर पंचेचाळिशीतल्या मुलाला आपला धोका दुपटीहून अधिक आहे, हे कळणारच नाही. पेढी, प्लॉट आणि उधारीची यादी मुलांच्या हाती देणाऱ्या पित्याने ही माहितीही त्यांच्या हाती दिली पाहिजे.

दिवाळीला जुन्या वह्या बंद होऊन नव्यांचे पूजन होते, तेव्हा घरातील तिन्ही पिढ्या एकत्र असतात. त्या आठवड्यात मुलाने वडिलांना एवढेच विचारावे, की बाबा, तुमचा पीएसए शेवटचा कधी तपासला होता आणि तो किती आला होता? उत्तर काहीही असो. तेवढ्या प्रश्नाने बोलणे तरी सुरू होईल.